मोटार उभी, एंजिन चालू: मंदगतीचे विज्ञान

लाल दिव्यापाशी मोटार थांबते. चालकाचा पाय प्रवेगकावरून, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरवरून, निघालेला असतो. चाके फिरत नाहीत, तरीही एंजिन मात्र घुरघुरत असते. दिवा हिरवा होईपर्यंत ते मिनिटाला सात-आठशे फेरे बिनबोभाट घेत राहते. गॅरेजमध्ये यालाच 'आयडलिंग' म्हणतात; आपण तिला 'मंदगती' म्हणू.

एंजिनाचे सर्वांत सोपे काम कोणते, असे विचारले तर बहुतेक जण हेच सांगतील. ओझे ओढायचे नाही, चढ चढायचा नाही, नुसते जागच्या जागी फिरायचे. वस्तुतः गोष्ट नेमकी उलट आहे. मंदगतीने एकसारखे चालत राहणे हे पेट्रोल एंजिनाला फार अवघड जाते. ते जमावे म्हणून १९७० ते २००० या काळातील मोटारींत एक लहानशी झडप बसवीत. मुठीत मावेल एवढी ही झडप काय करते आणि ती का लागते, हे या लेखात पाहू.

मुळात एंजिन चालू ठेवायचेच कशाला?

विजेची मोटर शून्य गतीलाही बल लावू शकते. म्हणून पंख्याचे बटण दाबताच तो स्वतः फिरू लागतो आणि विजेवर चालणाऱ्या गाडीला मंदगतीची गरजच पडत नाही. पेट्रोल एंजिनाचे तसे नाही. सिलिंडरमध्ये हवा व पेट्रोल यांचे मिश्रण ओढणे, ते दाबणे, पेटविणे आणि जळालेला वायू बाहेर टाकणे ही चार कामे दट्ट्याच्या चार धावांत होतात. त्यांपैकी एकाच धावेत ऊर्जा मिळते; उरलेल्या तीन धावा आधी मिळविलेल्या गतीवर उरकाव्या लागतात. गती फार कमी झाली, तर मिश्रण दाबतानाच एंजिन अडते आणि बंद पडते. मोटारीच्या एंजिनाच्या बाबतीत ही मर्यादा ढोबळ मानाने मिनिटाला ५०० फेऱ्यांच्या आसपास असते.

मग गती बरीच जास्त का ठेवू नये? कारण जागच्या जागी जळणारे सगळे पेट्रोल वायाच जाते. म्हणजे एका बाजूला बंद पडण्याची कड, तर दुसऱ्या बाजूला उधळपट्टी. या दोहोंमधील अरुंद वाटेने एंजिनाला चालवायचे आहे.

थोडा हिशेब करू

चार सिलिंडरांचे, १.६ लिटर क्षमतेचे एंजिन घ्या. दर दोन फेऱ्यांत ते १.६ लिटर, म्हणजे दर फेऱ्यात ०.८ लिटर मिश्रण ओढू शकते. मिनिटाला ८०० फेरे धरले, तर ६४० लिटर झाले. पण मंदगतीला हवेची वाट जवळजवळ बंद असते. त्यामुळे सिलिंडरात मावेल त्याच्या सुमारे चौथाई हवाच आत जाते. म्हणजे मिनिटाला १६० लिटर. एक लिटर हवेचे वस्तुमान सुमारे १.२ ग्रॅम असते. यावरून दर सेकंदाला सुमारे ३.२ ग्रॅम हवा एंजिनात जाते.

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणून पेट्रोल झाले सेकंदाला सुमारे ०.२२ ग्रॅम, आणि तासाला जवळजवळ एक लिटर! एक ग्रॅम पेट्रोलपासून सुमारे ४४ किलोज्यूल उष्णता मिळते. म्हणजे उभ्या मोटारीत सुमारे साडेनऊ किलोवॅट दराने ऊर्जा सुटत असते. यातील बरीचशी थेट उष्णतेच्या रूपाने निघून जाते. दीड-दोन किलोवॅट तेवढे दट्ट्यांना ढकलण्यात जातात आणि तेही एंजिनाचे अंतर्गत घर्षण व हवा ओढण्याचे कष्ट यांत खर्ची पडतात. चाकांपर्यंत काहीच पोहोचत नाही. या वेळी एंजिनाची कार्यक्षमता किती, असे परीक्षेत विचारले, तर निःशंकपणे 'शून्य' असे उत्तर लिहावे.

चार-साडेचार मिलिमीटरचे भोक

पेट्रोल एंजिनाचे बळ हवेने ठरते. जेवढी हवा आत सोडावी, तेवढेच पेट्रोल तिच्याबरोबर जळते. हवेच्या वाटेवर एक गोल तबकडी असते. तिला थ्रॉटल म्हणतात. प्रवेगक दाबला की ती वळते आणि वाट मोकळी होते. पाय काढला की ती मिटते. तबकडीच्या पलीकडच्या नळातून दट्ट्ये सतत हवा ओढत असल्यामुळे तेथील दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे एकतृतीयांश इतका उतरतो.

येथे भौतिकीतील एक सुंदर गोष्ट घडते. फटीच्या पलीकडील दाब अलीकडील दाबाच्या सुमारे ०.५३ पटीपेक्षा कमी झाला, की फटीतून जाणारी हवा ध्वनीच्या वेगाने धावू लागते. पलीकडे दाब आणखी उतरला तरी हवेचा ओघ वाढत नाही. असे का? पलीकडे दाब कमी झाला ही 'बातमी' हवेतून ध्वनीच्याच वेगाने अलीकडे यायची. पण हवाच तेवढ्या वेगाने समोरून येत असेल, तर बातमी फटीच्या अलीकडे पोहोचणार कशी? जुन्या मोटारीचे झाकण उघडले असता हवेच्या नळापाशी बारीक सूं आवाज येतो, तो या धावत्या हवेचाच.

याचा अर्थ असा की मंदगतीला दर सेकंदाला किती हवा मिळणार, हे केवळ फटीच्या क्षेत्रफळावर ठरते. आपल्या ३.२ ग्रॅम हवेसाठी सुमारे १५ चौरस मिलिमीटर क्षेत्रफळ पुरते. म्हणजे साधारण चार-साडेचार मिलिमीटर व्यासाचे भोक. अख्खे एंजिन एवढ्याशा छिद्रातून श्वास घेत असते!

आता हीच हवा तबकडीच्या कडेने जाते असे समजा. तबकडीचा व्यास ५० मिलिमीटर असेल, तर परीघ सुमारे १५७ मिलिमीटर होतो. १५ ला १५७ ने भागा. फटीची रुंदी निघते ०.१ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीएवढी. तेथे तेलकट काजळीचा पातळसा थर बसला, तरी एंजिन गुदमरते ते का, हे आता सांगावे लागू नये.

ठरावीक फट का पुरत नाही?

हवेची फट एकदा नीट बसवून दिली की काम भागेल, असे वाटण्याचा संभव आहे. कार्ब्युरेटरच्या जमान्यात हेच करीत. आपल्याकडे अँबॅसडर व पद्मिनी गाड्यांच्या काळातील मेकॅनिक एका लहान स्क्रूने 'स्लो' बसवून देत. बाहेरचे ओझे बदलले नाही, तर ही युक्ती चालते. कारण ठरावीक फटीतून दर सेकंदाला ठरावीकच हवा येते. गती थोडी वाढली, तर तीच हवा अधिक धावांत वाटली जाते, प्रत्येक धावेच्या वाट्याला कमी येते आणि एंजिनाचा जोर आपोआप उतरतो. गती कमी झाली तर उलट घडते.

पण ओझे बदलले की पंचाईत होते. वातानुकूलनाचे बटण दाबले, म्हणजे एंजिनाच्या पट्ट्यावर दाबयंत्र, म्हणजे कॉम्प्रेसर, जोडला जातो. त्याला मंदगतीलाही एक-दीड किलोवॅट लागतात. म्हणजे एंजिनाच्या स्वतःच्या घर्षणाएवढेच नवे ओझे! हवा तेवढीच, म्हणून शक्तीही जवळजवळ तेवढीच. शक्ती म्हणजे परिबल गुणिले कोनीय वेग. परिबल दुप्पट लागणार असेल, तर वेग निम्मा व्हायला हवा. मिनिटाला ८०० चे ४०० फेरे झाले, म्हणजे एंजिन बंद!

थंडीच्या दिवसांत सकाळी आणखी एक अडचण येते. गार तेल घट्ट असते, घर्षण वाढते, पेट्रोलची वाफ नीट होत नाही. अशा वेळी एंजिनाला काही मिनिटे अधिक हवा व अधिक पेट्रोल द्यावे लागते. जुन्या गाड्यांत चालक 'चोक'ची दांडी ओढी आणि पायाने हलकेच प्रवेगक दाबून धरी. आवाज उतरला की थोडे दाबायचे, चढला की सोडायचे. गती मोजणारे कान आणि हवा सोडणारा पाय, असे हे जिवंत नियंत्रण होते.

द्विधातूची पट्टी

कार्ब्युरेटरऐवजी विजेच्या साहाय्याने पेट्रोल फवारण्याची पद्धत जर्मनीतील बॉश कंपनीने १९६७ साली फोक्सवॅगनच्या मोटारींत आणली. या आणि यानंतरच्या पद्धतींत गार एंजिनासाठी जादा हवेची एक झडप असे. थ्रॉटलच्या तबकडीला वळसा घालून जाणाऱ्या लहान नळीत ती बसवीत. बॉशच्या १९७० च्या दशकातील झडपेत तुमच्या पाठ्यपुस्तकातील द्विधातूची पट्टी होती. पट्टी गार असताना भोक उघडे असे. एंजिन सुरू होताच पट्टीभोवतीच्या तारेतून वीज वाहू लागे, पट्टी तापून वाके आणि काही मिनिटांत भोक मिटे. गरम एंजिन पुन्हा सुरू केले, तर एंजिनाच्या उबेनेच भोक बंद राहिलेले असे.

युक्ती छान होती, पण तिच्यात एक उणीव होती. झडपेला तापमान कळे. गती कळत नसे. एंजिन मरायला टेकले तरी तिला त्याचा पत्ता नसे.

गती मोजणारी, गती सांभाळणारी झडप

१९८० च्या दशकात मोटारींत लहान संगणक आले आणि ही उणीव भरून निघाली. व्होल्व्हो २४० किंवा त्या काळातील बीएमडब्ल्यूची ३ मालिका अशा गाड्यांत बॉशची फिरती झडप असे. तिचे कार्य असे चालते.

एंजिन किती फेरे घेत आहे, हे संगणकाला प्रज्वलनाच्या ठिणग्यांवरून किंवा दात्यांच्या चाकाजवळ बसविलेल्या संवेदकावरून कळते. पाय प्रवेगकावरून निघाला आहे, हे थ्रॉटलजवळचे एक बटण सांगते. संगणक प्रत्यक्ष गतीची इष्ट गतीशी तुलना करतो. गती कमी असेल, तर झडप किंचित उघडायची; जास्त असेल, तर किंचित मिटायची. परिणामाची खबर कारणाकडे परत पाठवून चूक कमी करण्याच्या या रीतीला 'ऋण फीडबॅक' म्हणतात. जेम्स वॅटने १७८८ साली वाफेच्या एंजिनावर दोन फिरते गोळे बसवून हेच साधले होते. गती वाढली की गोळे बाहेर फाकत आणि वाफेची वाट अरुंद होई.

झडप अर्धवट उघडी कशी ठेवायची? संगणक सेकंदाला सुमारे शंभर वेळा विजेचे टोले देतो. प्रत्येक टोला किती काळ टिकवायचा, एवढेच तो बदलतो. झडपेच्या फिरत्या भागाला जडत्व असल्यामुळे तो प्रत्येक टोल्यासरशी उघडमीट करू शकत नाही. सरासरी प्रवाहाला अनुसरून मधल्याच एका कोनात स्थिरावतो. पंख्याच्या फिरत्या पात्यांकडे पाहताना डोळा जशी सरासरी घेतो, तसेच हे.

दुसऱ्या प्रकारच्या झडपेत पायरी-पायरीने फिरणारी मोटर असते, तिला स्टेपर मोटर म्हणतात. विजेच्या प्रत्येक आवेगाला ती ठरावीक अंशच फिरते आणि आट्यांच्या साहाय्याने एक निमुळती खुंटी भोकात पुढे-मागे सरकविते. आपण किती पायऱ्या आलो, हे संगणक मनातल्या मनात मोजतो. मोजणी चुकू नये म्हणून तो अधूनमधून खुंटी पूर्ण टेकवून शून्यापासून सुरुवात करतो. आपल्याकडे २००० सालाच्या सुमारास प्रदूषणाचे निकष कडक होऊ लागले, कार्ब्युरेटर मागे पडले आणि संगणकाने मंदगती सांभाळणे रुळले.

उशिराचा घोटाळा

गती कमी झाली की हवा वाढवायची, एवढे सोपे सूत्र असूनही काही गाड्यांचे एंजिन उभ्या जागी 'झूंऽ... झूंऽ...' असे वर-खाली का होते?

स्नानगृहातील लांब नळीने येणाऱ्या गरम पाण्याची आठवण करा. पाणी गार लागले म्हणून आपण गरम नळ सोडतो. नळीतील गार पाणी संपेपर्यंत फरक पडत नाही, म्हणून आणखी सोडतो. मग एकदम चटका बसतो! घाईने नळ बंद केला की पुन्हा गार. दोष नळाचा नाही; उशिरा मिळणाऱ्या खबरेवर जोराने केलेल्या दुरुस्तीचा आहे. वॅटच्या नियंत्रकांतही असे हेलकावे येत आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल या थोर भौतिकीविदाने १८६८ साली नियंत्रकांवरील निबंधात त्यांचे गणित मांडले.

एंजिनातही उशीर आहेच. मिनिटाला ८०० फेरे म्हणजे एका फेऱ्याला ७५ मिलिसेकंद. झडप उघडल्यावर हवेने आधी नळ भरायचा, मग सिलिंडरात जायचे, मग दाबले जायचे आणि मगच जळायचे. यात दोन-तीन फेरे, म्हणजे दोनशे मिलिसेकंद सहज जातात. एंजिनापाशी वेळ तरी किती असतो? त्याच्या फिरत्या भागांचे जडत्व-परिबल ०.१५ किलोग्रॅम-मीटर वर्ग धरले, तर ८०० फेऱ्यांना गतिज ऊर्जा सुमारे ५०० ज्यूल येते. गती ५०० पर्यंत उतरली की त्यातील ३०० ज्यूल संपलेले असतात. एक किलोवॅटचे नवे ओझे ते ३०० मिलिसेकंदांतच खाऊन टाकील. उशीर आणि मुदत यांत एवढेच अंतर!

म्हणून अभियंत्यांनी दोन जोडउपाय योजले. पहिला म्हणजे आगाऊ सूचना. वातानुकूलनाचे बटण दाबताच संगणकाला वर्दी जाते. तो आधी झडप उघडतो आणि मग दाबयंत्र जोडू देतो. दुसरा उपाय ठिणगीचा. ठिणगी किंचित आधी किंवा नंतर पाडून पुढच्याच धावेचा जोर कमी-अधिक करता येतो. ठिणगी तत्काळ पण थोडी मदत करते. हवा सावकाश पण भरपूर.

मळलेली झडप आणि फिरविलेला स्क्रू

एंजिनाच्या तळातून येणारी तेलाची वाफ हवेच्या वाटेत सोडलेली असते. ती काजळीसह झडपेत साचते. झडप चिकटू लागली, की बारीक दुरुस्तीला ती हलत नाही. संगणक आज्ञा वाढवितो आणि मग ती एकदम उडी घेते. परिणाम हेलकाव्यांचा. पुरती चिकटली, तर दिव्यापाशी पाय काढताच एंजिन बंद पडते.

अशा वेळी पुष्कळदा थ्रॉटलच्या तबकडीचा अटकाव-स्क्रू फिरवून 'रेस वाढवून' दिली जाते. गाडी तात्पुरती बंद पडेनाशी होते आणि गिऱ्हाईक खूश होते. पण आता तबकडी पूर्ण मिटत नाही, त्यामुळे पाय निघाल्याचे सांगणारे बटण दाबले जाईलच असे नाही. ते दाबले गेले नाही, तर संगणकाला मंदगती सांभाळायची वेळ आली हेच कळत नाही. रोग तसाच राहतो आणि तो ओळखण्याचे साधनही जाते. खरा उपाय म्हणजे झडप व तबकडी काढून योग्य द्रावकाने स्वच्छ करणे.

उलट प्रकारही घडतो. झडपेच्या पुढची रबरी नळी चिरली, तर तेथून चोरट्या वाटेने हवा आत येते. संगणक झडप पुरती मिटवितो, तरी गती चढीच राहते. काही गाड्यांत मग संगणक पेट्रोलच तोडतो. गती उतरली की पुन्हा देतो, ती चढली की पुन्हा तोडतो. येथे झडप बदलून पैसे वाया जातात. दोष दहा-वीस रुपयांच्या नळीत असतो. लक्षण एक, पण कारणे दोन. झडप काय करू पाहते आहे, हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ती वेगळी करता येतात.

हा केवळ खर्चाचा प्रश्न नाही. पुष्कळ गाड्यांत ब्रेकला मिळणारी मदत एंजिनाच्या नळातील कमी दाबापासून येते आणि सुकाणूला मिळणारी मदत एंजिनाच्या पंपापासून. घाटातील वळणावर एंजिन बंद पडले, की साठलेल्या कमी दाबावर ब्रेक एक-दोनदा हलका लागतो, नंतर पाय रेटावा लागतो. सुकाणू तर लगेच जड होते. मंदगतीचा दोष 'चालायचेच' म्हणून सोडून देऊ नये तो यासाठी.

करून पाहा

वडीलधाऱ्या माणसाला चालकाच्या जागी बसवून, गाडी मोकळ्या हवेत, गिअर न टाकता, हातब्रेक लावून उभी करा. बंद गॅरेजात एंजिन कधीही चालू ठेवू नका. धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक असतो. तुम्ही झाकणापासून दूर, आत बसून फेरे दाखविणाऱ्या काट्याकडे पाहा. आधी मोठे दिवे लावा, मग मागच्या काचेचा तापक, मग वातानुकूलन. प्रत्येक वेळी काटा किती उतरतो, किती सेकंदांत परत येतो, पूर्वीच्याच जागी थांबतो की थोडा वर, हे वहीत लिहा. शक्य असल्यास हेच गार आणि गरम एंजिनावर करून आलेख काढा. शिक्षकांना हा आलेख ऋण फीडबॅक शिकविताना उपयोगी पडेल.

नंतरच्या मोटारींत ही वेगळी झडप राहिली नाही. थ्रॉटलची तबकडीच विजेच्या मोटरने फिरविली जाते आणि मंदगतीचे कामही तीच करते. फट मात्र आजही केसाएवढीच आहे, आणि उशीरही तेवढाच. आता एक प्रश्न तुमच्यासाठी: महाबळेश्वरला वातावरणाचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सात-आठमांश नव्हे, तर शेकडा चौदा-पंधरा इतका कमी असतो. तीच गरम गाडी तेथे नेली, तर मंदगती राखण्यासाठी संगणक झडप अधिक उघडील की मिटवील? उत्तर कारणासह लिहून शिक्षकांना दाखवा.